चार ग्रोशेन आणि प्रागचा प्याला



आपल्या मंडळ्यांमधली मुले-मुली आता शिकायला परदेशी जाऊ लागली आहेत, आणि सुट्टी मिळाली की चौघे मिळून काटकसरीत एखादे जुने शहर पाहून येतात. आम्हीही जर्मनीत लाइप्झिगला शिकत असताना असेच प्रागला गेलो होतो. बेळगावचे आम्ही दोघे, इंदूरची एक मैत्रीण आणि वसईचा एक कॅथलिक मित्र. बसचे तिकीट सर्वांत स्वस्त, हॉस्टेलच्या एका खोलीत बारा जणांची झोपायची सोय, आणि सॅकमध्ये पाव आणि घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. तिकीट लागेल तिथे शक्यतो जायचे नाही, असे ठरले होते. त्यामुळे प्रागचा किल्ला आम्ही चौकांतूनच पाहिला. पण पायी फिरून जे पाहायला मिळते त्यातच या शहराच्या ख्रिस्ती इतिहासाचा गाभा आहे, आणि त्याच्या मध्यभागी उभा असलेला यान हूस स्वतः एक गरीब विद्यार्थी होता.

हूसचा जन्म 1370 च्या सुमारास दक्षिण बोहेमियातल्या हुसिनेत्स या खेड्यात झाला. चेक भाषेत 'हूस' म्हणजे हंसासारखा पाळीव पक्षी, आणि या नावावरून तो स्वतःचीच थट्टा करीत असे. सम्राट चौथा कार्ल याने 1348 मध्ये स्थापन केलेल्या प्राग विद्यापीठात तो शिकला. त्या दिवसांबद्दल त्याने पुढे लिहून ठेवले आहे. भुकेला विद्यार्थी असताना तो पावाचाच चमचा करून वाटाणे खाई, आणि वाटाणे संपले की चमचाही खाऊन टाकी. पाळक होण्याची इच्छा सुरुवातीला चांगले घर, चांगले कपडे आणि मान मिळावा म्हणून होती, हेही त्याने लपवले नाही. आम्हाला हा माणूस इथेच आवडू लागला. संतांची चरित्रे वाचताना असा कबुलीजबाब क्वचितच मिळतो.

1393 मध्ये प्रागच्या विशेह्राद टेकडीवर पोपच्या परवानगीने विशेष दंडमाफी जाहीर झाली. पश्चात्ताप करून पापकबुली दिलेल्याला पापाच्या ऐहिक शिक्षेतून सूट मिळावी, अशी ती मूळ कल्पना होती, पण व्यवहारात ती पैशाला बांधली गेली होती. हूसने खिशातले शेवटचे चार ग्रोशेन तिथे दिले, आणि मग खायला कोरडी भाकरी तेवढी उरली. चार नाणी म्हणजे काय, हे प्रत्येक कॉफीचा हिशेब वहीत लिहिणाऱ्या आम्हा चौघांना वेगळे सांगावे लागले नाही. त्याने ती मनापासून दिली होती. एकोणीस वर्षांनी तो याच व्यवहाराविरुद्ध उभा राहिला, तेव्हा आपण स्वतः काय दिले होते हे त्याला ठाऊक होते.

मधल्या काळातली एक गोष्ट आम्हाला टोचली, तीही सांगायला हवी. 1409 मध्ये राजाने कुट्ना होरा येथे हुकूम काढून विद्यापीठात चेक लोकांना तीन मते दिली आणि बाकी सर्वांना मिळून एक. हूसचा या बदलाला पाठिंबा होता. शेकडो जर्मन शिक्षक आणि विद्यार्थी शहर सोडून गेले, आणि त्यांच्यातल्या काहींनी त्याच वर्षी लाइप्झिगचे विद्यापीठ उभारले. म्हणजे आम्ही ज्या शहरातून आलो त्याचे विद्यापीठ या भांडणातूनच जन्मले. भाषेचा अभिमान कुठे संपतो आणि दुसऱ्याला बाहेर काढणे कुठे सुरू होते, हे सीमाभागात वाढलेल्या माणसाला नव्याने शिकवावे लागत नाही.

बेथलेहेम चॅपेलसाठी मात्र आम्ही नियम मोडला आणि लहानसे तिकीट काढले. 1391 मध्ये स्थापन झालेल्या या चॅपेलचा हेतू एकच, लोकांच्या चेक भाषेत उपदेश. कोरीवकाम नाही, रंगीत काचांचा थाट नाही. मोठा चौकोनी सभामंडप आहे, सुमारे तीन हजार माणसे मावतील एवढा, आणि आत एक विहीर आहे. हूस 1402 पासून इथे उपदेश करू लागला. लोक इथे आपल्या भाषेत गीते गात. भिंतींवर वचने आणि लेख लिहिलेले असत, म्हणजे ज्याला वाचता येई तो उपदेश संपल्यावरही वाचत राही. मूळ इमारत 1786 मध्ये पाडली गेली. आज दिसते ती 1950 नंतर पुन्हा बांधलेली, पण भिंतींचा काही भाग आणि विहीर जुनीच आहे. गंमत अशी, की हे चॅपेल पुन्हा उभारले ते साम्यवादी सरकारने. त्यांना हूसमध्ये गरिबांचा पुढारी दिसला.

1412 मध्ये प्रागमध्ये पुन्हा दंडमाफी विकली जाऊ लागली. या वेळी पैसा नेपल्सच्या राजाविरुद्धच्या युद्धासाठी होता, आणि त्यातला वाटा बोहेमियाच्या राजालाही मिळणार होता. हूस उघडपणे विरोधात बोलला आणि राजाची मर्जी गमावून बसला. जुलै महिन्यात तीन तरुणांनी चर्चमध्ये उभे राहून ही दंडमाफी खोटी आहे असे ओरडून सांगितले. मार्टिन, यान आणि स्ताशेक ही त्यांची नावे. तिघांना पकडले. हूस नगरसभेत गेला आणि दोष माझा आहे, त्यांना सोडा, असे म्हणाला. त्याला आश्वासन मिळाले, आणि नंतर तिघांचा शिरच्छेद झाला. लोकांनी त्यांचे मृतदेह बेथलेहेम चॅपेलमध्ये आणून पुरले. चॅपेलमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीवर बोललो. ते तिघे विद्वान नव्हते, त्यांचा कुठला ग्रंथ नाही. उपदेश ऐकला आणि खरा मानला, एवढेच. व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येकाने, आम्ही स्वयंसेवक तर आलोच, हे तीन जण लक्षात ठेवावेत.

पुढचा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. सम्राटपदाच्या वाटेवर असलेल्या राजा सिगिस्मुंडच्या अभयपत्रावर विश्वास ठेवून हूस 1414 मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मसभेला गेला. पोहोचल्यावर काही आठवड्यांतच त्याला कैद झाली. शिकवणूक मागे घे, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा सांगितले गेले. शास्त्रातून माझी चूक दाखवा, एवढेच त्याचे म्हणणे होते. 6 जुलै 1415 रोजी त्याला जिवंत जाळले आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली.

तो कॉन्स्टन्सला गेला त्या सुमारास प्रागमध्ये एक नवी गोष्ट सुरू झाली होती. त्या काळी प्रभूभोजनात लोकांना भाकर मिळे, प्याला मात्र फक्त याजक घेत. 1414 च्या शरद ऋतूत हूसचा सहकारी याकोउबेक याने सर्वांना प्याला द्यायला सुरुवात केली. तटबंदीला लागून असलेले संत मार्टिनचे लहानसे चर्च यासाठी प्रसिद्ध आहे. हूसने कैदेतून संमती कळवली. 15 जून 1415 रोजी धर्मसभेने लोकांना प्याला देण्यास मनाई केली, पण बोहेमियात तो थांबला नाही. प्याला ही लोकांची खूणच झाली. जुन्या चौकातल्या टीन चर्चच्या दर्शनी भिंतीवर राजा यिर्झी याने सोन्याचा मोठा प्याला बसवला होता. 1620 मध्ये व्हाईट माउंटनच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्ष हरला, प्याला उतरवून वितळवला गेला, आणि त्याच सोन्यातून तिथल्या माता मरियेच्या मूर्तीचे तेजोवलय घडवले. ते आजही खालून दिसते. चौकाच्या फरशीत 27 पांढरे क्रूस आहेत, 21 जून 1621 रोजी मृत्युदंड दिलेल्या पुढाऱ्यांचे. त्यांत एक कॅथलिकही होता.

त्या संध्याकाळी वसईच्या मित्राशी थोडा वाद झाला. तो म्हणाला, हूसच्या नावाने लढणाऱ्यांनी किती मठ जाळले तेही सांगा की! त्याचे खरे होते. 1419 मध्ये जमावाने नगरसभेच्या खिडकीतून अधिकाऱ्यांना खाली फेकून मारले, आणि नंतर वर्षानुवर्षे युद्ध चालले. आम्हीही त्याला सांगितले की प्रभूच्या मेजावर एकाला प्याला आणि दुसऱ्याला नाही, हे आम्हाला अजून समजत नाही. तो हसून म्हणाला, व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेनंतर आमच्याकडेही काही प्रसंगी लोकांना प्याला मिळतो, तुम्ही जरा उशिरा भांडताय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी डिसेंबर 1999 मध्ये हूसच्या क्रूर मृत्यूबद्दल जाहीरपणे तीव्र खेद व्यक्त केला, हेही आम्हाला त्याच्याकडूनच कळले.

लढाया मागे ठेवून काही जणांनी 1457 मध्ये कुनवाल्ड गावात बंधूंची एक शांत मंडळी स्थापली. 1620 नंतर त्यांचा छळ झाला. बिशप कोमेन्स्की, ज्यांना जग शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस म्हणून ओळखते, ते परागंदा झाले. 1722 मध्ये या परंपरेतले काही निर्वासित सॅक्सनीत हेर्नहूटला पोहोचले, आणि दहाच वर्षांत तिथून मोरावियन मिशनरी जगभर निघाले. विल्यम केरी यांनी 1792 मधल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेत त्यांचेच उदाहरण दिले आहे. या केरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 1805 मध्ये मराठी व्याकरण छापले, आणि 1811 मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला.

कोणी तरुण प्रागला जाणार असेल तर जुन्या चौकातल्या हूसच्या पुतळ्यापासून सुरुवात करावी. तो 1915 मध्ये, पाचशेव्या स्मृतिवर्षी उभा राहिला, आणि ऑस्ट्रियाच्या सरकारने समारंभाला परवानगी दिली नाही म्हणून लोकांनी तो फुलांनी झाकून टाकला. मग टीन चर्च, संत मार्टिनचे चर्च आणि शेवटी बेथलेहेम चॅपेल. सगळे पायी होते. पाव आणि पाणी बरोबर ठेवा, चौकातली हॉटेले महाग आहेत. 6 जुलै हा तिथे राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो.