मोडी कागदातला रजब

पेशवाईतल्या मोडी पत्रांवर तारीख पुष्कळदा अशी असते: ‘छ १२ रजब, सन सीत सबैन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र. रजब तर आपल्या घरातलाच महिना. सीत सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. हा शुहूर सन ११७६. तो मृगाला सुरू होतो, म्हणून रजब कुठे पडतो ते पाहून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. इथे ५९९, म्हणजे इ. स. १७७५. हुकमाच्या शेवटचे ‘मोर्तब सूद’ही अरबी-फारसीच.

आज गंमत अशी (गंमत कसली, पंचाईतच) की मोडी वाचणारा या अरबी आकड्यांशी अडखळतो आणि ज्याला आकडे येतात त्याला मोडी येत नाही. काझी, खतीब, मुजावर यांच्या घरांत इनामाचे, वतनाचे कागद मोडीतच आहेत. ‘ही आपली लिपी नव्हे’ म्हणून ते ट्रंकेत पडून राहतात. दर्ग्याच्या जमिनीचा वाद उभा राहिला की मग धावाधाव.

हल्ली लोक मोबाईलवर फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. तिथे फोटो आकसतो, फिकट शाई पुसटते, आणि दहा ठिकाणी फिरल्यावर कागद कोणत्या गावचा हेही कळत नाही. त्यापेक्षा मूळ फाईलच जपावी. कागदाची पाठही टिपावी, कारण शेरे आणि शिक्के तिथेही असतात. फाईलच्या नावात गाव, घराणे, तारीख घालावी. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे, पण शोधायला सोपे म्हणून मी देवनागरी लिप्यंतर सोबत ठेवतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, तेव्हा ‘पीर’ आणि ‘पिर’ दोन्ही शोधावे लागतात.

सर्वांत आधी मात्र आवाज टिपायला हवा. कागदात ‘पिराचा मळा’ असे लिहिलेले असते. चतुःसीमेत एखादे चिंचेचे झाड, एखादा ओढा. तो मळा आज कुठे, हे गावातल्या एखाद्या नानीला किंवा चाचांनाच ठाऊक असते. त्यांना शेतावर नेऊन बोलते करावे, फोनवर रेकॉर्ड करावे, नकाशावर ती जागा खूण करून ठेवावी. कागद आणखी काही वर्षे तग धरेल, नानीचे तसे नाही.

इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. एका तासिकेत पाठ होतात. मदरशात शिकलेल्या मुलाला तेवढीही लागत नाही.