मोडेमची बोली

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मोडेमचा इतिहास मात्र भाषेचा इतिहास म्हणूनही वाचता येतो.

संगणकाचे अंकीय संकेत टेलिफोनच्या तारेवरून जाऊ शकतील अशा ध्वनींत बदलायचे आणि पलीकडे त्यांचे पुन्हा अंक करायचे, हे मोडेमचे काम. १९८१ मध्ये अमेरिकेतील हेज कंपनीने 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला. त्याचा वेग सेकंदाला अवघा ३०० बिट. परंतु 'एटी' या अक्षरांनी सुरू होणारी त्याची आज्ञावली पुढे बहुतेक उत्पादकांनी स्वीकारली. त्यामुळे सिरियल पोर्टला जोडलेला बाह्य मोडेम कोणाचा आणि संगणकावर प्रणाली कोणती, हे प्रश्न गौण ठरले. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सलाही ही सामाईक बोली आयतीच मिळाली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. संकेत घडवण्याचे काम मोडेममधील चिपकडून काढून संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवले गेले. खर्च वाचला, जागा वाचली. लॅपटॉपला तर हे फारच सोयीचे होते. पण हे काम करणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजपुरतेच लिहिलेले असे आणि त्याची संहिता गुप्त राही. 'विनमोडेम' या नावाने ओळखली जाणारी ही उपकरणे लिनक्सपुढे मुकी झाली. स्वयंसेवकांनी काहींना बोलते केले. तरी अनेक लॅपटॉपधारकांना, पोटात एक मोडेम असताना, दुसरा बाहेरून जोडावा लागे.

या विसंगतीचे मर्म उपकरण 'बाहेर' असण्यात होते काय? तसे म्हणता येत नाही. पुढे लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट नाहीसे झाले आणि यूएसबी मोडेम आले. त्यांतील जे 'एसीएम' हा जाहीर संकेत पाळत, ते लिनक्सवर चालत. ज्यांचे काम बंदिस्त सॉफ्टवेअरवर अवलंबून होते, ते बाहेर असूनही अडत. संहिता खुली नसेल तर ग्रंथ हाती असूनही वाचक परावलंबीच राहतो. येथे वाचकाच्या जागी यंत्राचा मालक होता, इतकाच फरक.

हेज कंपनी १९९९ मध्ये मोडीत निघाली. तिची आज्ञावली मात्र विस्तारित रूपात मोबाइल जाळ्याच्या मोडेमना आजही समजते. बोली टिकते ती निर्मात्याच्या बळावर नव्हे. ती सर्वांना बोलता येते म्हणून.