विहाराच्या कपाटात हवीत अशी सहा दुर्लक्षित पुस्तके



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या (ता. मानोरा) गावापासून मुंबईच्या चाळीपर्यंत ही परंपरा आहे. ती टिकलीच पाहिजे. पण कपाटात त्याच ग्रंथाच्या पाच प्रती, दोन-तीन गीतसंग्रह आणि काही स्मरणिका, एवढ्यावर आपले वाचन थांबते. आपल्याच इतिहासाची, आपल्याच भाषेतील काही पुस्तके तरुण कार्यकर्त्यांच्या हातीच पडत नाहीत. अशा सहा पुस्तकांची ही ओळख.

१. गौतमबुद्धाचे चरित्र (१८९८) – कृष्णाजी अर्जुन केळुस्कर
शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले हे पुस्तक त्यांना भेट दिले. बाबासाहेबांनी पुढे आपल्या बुद्धाकडील वाटचालीत या भेटीचा आवर्जून उल्लेख केला. प्रसंग आपण भाषणांत सांगतो, पुस्तक मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते. भाषा जुनी आहे, पण सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी वाचकापुढे बुद्ध कसा मांडला गेला, हे त्यातून कळते.

२. भगवान बुद्ध (१९४०-४१) – धर्मानंद कोसंबी
गोव्यातील साखवाळचे कोसंबी पाली शिकण्यासाठी श्रीलंकेपर्यंत गेले. मूळ पाली साहित्य तपासून, चमत्कार बाजूला ठेवून त्यांनी हे चरित्र लिहिले. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी तपासून नाकारली आणि सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे लक्ष वेधले. माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात हे पाहून वैराग्य आले, असा त्या सुत्ताचा आशय आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागामागे शाक्य-कोलीय संघर्षच आहे. दोन्ही पुस्तकांतील हे प्रकरण शेजारी ठेवून वाचले, तर अभ्यासवर्गाला एक संध्याकाळ पुरणार नाही. कोसंबींचे ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मकथनही सोबत वाचावे.

३. स्त्री-पुरुष तुलना (१८८२) – ताराबाई शिंदे
आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या या लेखिकेचे हे एकमेव पुस्तक. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीलाच दोष दिला, तेव्हा संतापून ताराबाईंनी ते लिहिले. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले म्हणून आज आपल्याला माहीत आहे. एखादी प्रत कोणी जपून ठेवली नसती, तर?

४. अंतःस्फोट (१९८१) – कुमुद पावडे
नागपुरात दलित कुटुंबात वाढलेली मुलगी संस्कृत शिकते, उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते, तरी नोकरीसाठी दारोदार फिरते. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग नोकरी मिळते. नोकरी आपल्या विद्वत्तेला मिळाली की नवऱ्याच्या जातीला, हा त्यांचा प्रश्न आजच्या मुलाखतींच्या रांगेतील प्रत्येक तरुणाला ओळखीचा वाटेल.

५. आम्हीही इतिहास घडवला (१९८९) – उर्मिला पवार व मीनाक्षी मून
आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा हा इतिहास. लेखिकांनी गावोगावी फिरून वृद्ध कार्यकर्त्या शोधल्या आणि त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात झालेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, हे आपल्या किती मुलींना माहीत आहे? त्या कार्यकर्त्यांची पिढी आज हयात नाही. वेळेवर नोंद झाली म्हणूनच त्यांचा आवाज उरला.

६. वस्ती (१९९५) – वसंत मून
बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांचे संपादक म्हणून मून सर्वांना माहीत आहेत. हे त्यांचे आत्मकथन मात्र कमी वाचले जाते. नागपूरची महारपुरा वस्ती, तिथले आखाडे, समता सैनिक दल आणि १९५६ च्या धम्मदीक्षेपर्यंतचा काळ त्यात आहे. चळवळ नेत्यांच्या भाषणांत जशी असते तशीच ती वस्तीच्या रोजच्या जगण्यातही असते, हे इथे दिसते.

पुस्तके कुठे मिळतील?
धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. जाताना गावातून यादी करून न्यावी. वर्गणी काढली तर एका फेरीत दोन-तीन पुस्तके येतात. तालुका आणि जिल्हा ग्रंथालयातही चौकशी करावी. वाचकाने लेखी मागणी केली तर ग्रंथपालालाही खरेदीसाठी आधार मिळतो.

पीडीएफबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ताराबाई, केळुस्कर (मृत्यू १९३४) आणि कोसंबी (मृत्यू १९४७) यांचे मूळ लेखन आता सर्वांसाठी खुले आहे. ते स्कॅन करून वाटता येते, छापताही येते. मात्र नव्या आवृत्तीतील संपादकाची प्रस्तावना आणि टिपा वेगळ्या हक्कात येतात. पावडे, पवार-मून आणि वसंत मून यांची पुस्तके विकतच घ्यावीत. ती व्हॉट्सॲपवर फिरवली तर छोट्या प्रकाशकाची पुढची आवृत्ती निघत नाही आणि पुस्तक पुन्हा दुर्मीळ होते.

यंदाच्या वर्षावासात एवढे करा
रोजचे ग्रंथवाचन झाल्यावर पंधरा मिनिटे यातील एका पुस्तकासाठी ठेवा. वाचन तरुणांनी, विशेषतः मुलींनी करावे. दुसरे काम घरातले आहे. जुन्या ट्रंकेत, माळ्यावर ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’चे अंक, परिषदेचे पत्रक, आजोबांची वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, तारीख आणि गावाचे नाव लिहून ठेवा, मूळ कागद कोरड्या जागी जपा. आजीला १९५६ च्या आठवणी ऐकून माहीत असतील तर त्या आजच लिहून घ्या. इंझोरीचा इतिहास इंझोरीच्याच पोरांनी लिहायचा आहे. तो बाहेरून कोणी येऊन लिहिणार नाही.

जय भीम!