हाकेचे अंतर

घरांच्या जाहिरातींनी मराठीतील एका जुन्या शब्दप्रयोगाचा अर्थच पालटून टाकला आहे. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे ओसरीवरून साद घातली तर समोरच्याला ऐकू जाईल इतके अंतर. आता विमानतळ, महामार्ग आणि चाकणचे कारखानेही जाहिरातींत हाकेच्या अंतरावर येऊन बसतात. ही हाक अर्थातच मोटारीच्या भोंग्याची असते. अंतराचे माप पायांवरून चाकांवर गेले, याचा घराच्या खरेदी-विक्रीशी काय संबंध आहे, हे चऱ्होलीच्या निमित्ताने तपासून पाहावे असे आम्हांस वाटते.

चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीकाठचे गाव. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आळंदीहून पुण्याकडे निघते ती याच परिसरातून, आणि थोरल्या पादुकांपाशी विसावते. अशा गावांचे गावठाण पायी चालणाऱ्यांसाठीच वसलेले असे. देऊळ, पार, वाण्याचे दुकान आणि नदीचा घाट सारे चार पावलांवर, भोवती शेते. या रचनेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गावठाणात कोणाचे घर कोठे असावे हे जात ठरवीत असे, आणि पाण्यासाठी कोणी किती चालायचे हेही तीच ठरवीत असे. जवळीक तेव्हाही सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती.

पुढे कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला आणि त्याच्या शेजारीच कामगारांची वसाहत झाली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने आधी जमिनी घेतल्या, रस्ते आखले, शाळा, बागा व दुकाने यांसाठी जागा राखल्या आणि मग ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. निगडीच्या पेठांतून आजही संध्याकाळी म्हातारी माणसे निर्धास्त फिरताना दिसतात, ती या क्रमामुळे. मात्र त्या सावलीचीही किंमत कोणीतरी मोजली आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला.

चऱ्होली १९९७ मध्ये महापालिकेत आली. येथे क्रम बव्हंशी उलटा झाला. एकेक गट बिगरशेती होत गेला, एकेका गटात इमारती उठल्या आणि प्रत्येक संकुलाने आपली बाग आपल्या भिंतीआड लावली. आतल्या वाटेवर फरशी आणि दिवे. दोन संकुलांच्या मधला रस्ता मात्र कोणाचाच नाही.

कायद्यानेही या भिंतीच्या पलीकडे फारसे पाहिलेले नाही. १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाने आणि २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. चटई क्षेत्र आज काटेकोर मोजून द्यावे लागते. परंतु इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलेला किमान १.८ मीटर मोकळा पदपथ फाटकाबाहेर आहे की नाही, हे करारनाम्यात येत नाही. मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक बाजारमूल्य तक्त्यातही त्याचा रकाना नाही.

अमेरिकेत २००७ मध्ये ‘वॉक स्कोअर’ निघाला. दुकाने, शाळा, बागा किती जवळ आहेत हे पाहून तो पत्त्याला शंभरपैकी गुण देतो. २००९ मध्ये जो कॉर्टराइट या अर्थतज्ज्ञाने १५ बाजारांतील सुमारे ९४,००० घरविक्रींचा अभ्यास केला. त्यांपैकी १३ बाजारांत अधिक गुणांच्या घरांना अधिक किंमत मिळालेली दिसली. हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. तेथे चालणे ही बहुधा ग्राहकाची आवड असते. आपल्याकडे घर घेणारा गाडीत बसून जागा पाहायला येतो, आणि रोज त्या रस्त्याने चालतात त्या घरकाम करणाऱ्या बायका, पहारेकरी, शाळकरी मुले. जे चालतात ते विकत घेत नाहीत, म्हणून त्यांचे चालणे किमतीत उमटत नाही.

परंतु गृहकर्ज वीस वर्षांचे असते. त्या अवधीत पस्तिशीचा खरेदीदार पंचावन्नचा होतो आणि त्याचे आईवडील गाडी चालवेनासे होतात. औषधाच्या दुकानापर्यंत एकट्याने जाता येत नसेल, तर चटई क्षेत्र कितीही असो, ते घर त्यांच्यापुरते कोंडवाडाच ठरते. घर विकायला काढताना पुढचा ग्राहक हे पाहणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. घर ठरवण्यापूर्वी गाडी फाटकाशी उभी करावी. घरातील सर्वांत वडीलधारे माणूस आणि सर्वांत लहान मूल बरोबर घेऊन वाणी, शाळा आणि बसथांबा येथवर चालत जावे. एकदा दुपारी, एकदा अंधार पडल्यावर. जेथे त्यांचे बोट सोडण्याची भीती वाटेल, तेथे विकणाऱ्याशी भाव करण्यास थांबावे, आणि तोच रस्ता महापालिकेकडेही मागावा.