कापूस, कापूर आणि चांदी: फोटोच्या रिळाची कुळकथा

हर्णे बंदराच्या उत्तरेला खाडी ओलांडली की आंजर्लं आणि आंजर्ल्याला लागून मुर्डी. दापोली तालुक्यातल्या या मुर्डीत १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर १९०१ मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचं स्वागत झालं आणि ते टिपायला हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर कॅमेरा घेऊन हजर होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून सावेदादांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजप्यांच्या आगमनाचं त्यांनी केलेलं चित्रण हा भारतातला पहिला वार्तापट मानला जातो.

म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचा एक माणूस फिल्मवर उतरला तेव्हा पारदर्शक फिल्म ही वस्तू बाजारात येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, हजारो फोटो फुकट निघतात, तरीही तरुण मुलं जुने कॅमेरे शोधून काढतात आणि ३६ फोटोंच्या एका रोलला आनंदाने पैसे मोजतात. याला हौस म्हणून सोडून देता येत नाही. या ओढीचं कारण रिळाच्या घडणीत आहे, आणि ती घडण समजायची तर त्याचं कूळ पाहायला हवं.

फिल्मच्या आधी काच होती, आणि काचेच्या आधी तांबं. १८३९ मध्ये पॅरिसच्या डागेरने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची रीत जगापुढे आणली. त्या चित्राची दुसरी प्रत निघत नसे. १८५१ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर कलोडियन या चिकट द्रावणाचा ओला थर देण्याची पद्धत काढली. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या स्वच्छ प्रती मिळू लागल्या. अट एकच होती: थर वाळायच्या आत फोटो काढून काच धुऊन व्हायला हवी. बाहेरगावी फोटो काढायचा तर काचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखी राहुटी असा सगळा संसार बरोबर न्यावा लागे.

मुंबईने ही विद्या फार लवकर उचलली. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांत होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत नामवंत स्टुडिओ चालवला. कोकणी आणि मराठी माणूस या कलेत पाहुणा म्हणून आला नाही, पहिल्या पंगतीला बसला.

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. जिलेटिनमध्ये कालवलेले चांदीचे क्षार वाळल्यावरही काम करतात. आता काच कारखान्यात तयार करून ठेवता येई, पण काच जड आणि ठिसूळ ती ठिसूळच. तिला पर्याय शोधला अमेरिकेतल्या नेवार्क गावच्या एका पाद्र्याने. हॅनिबल गुडविनला बायबलच्या गोष्टी शिकवताना पडद्यावर चित्रं दाखवायची असत आणि काचा फुटत. त्याने सेल्युलॉइडची पातळ, पारदर्शक, वाकणारी पट्टी बनवली आणि १८८७ मध्ये पेटंटचा अर्ज केला.

सेल्युलॉइड म्हणजे मुळात कापूस आणि कापूर. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतं आणि त्यात कापूर मिसळला की ते लवचीक बनतं. आपल्या देवघरात वातीचा कापूस आणि आरतीचा कापूर शेजारी शेजारी असतात. तेच दोन पदार्थ पहिल्या फिल्मचा पाया झाले.

गुडविनचा अर्ज अकरा वर्षं रेंगाळला. दरम्यान रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक नावाचा छोटा कॅमेरा आणला. त्यात १०० फोटोंचा रोल भरून येई. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा आणि फोटो घेऊन नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. तो रोल कागदाचा होता. पुढच्या वर्षी, १८८९ मध्ये, कंपनीचा रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाखच्या कामातून पारदर्शक सेल्युलॉइडचा रोल बाजारात आला. गुडविनला पेटंट मिळालं ते १८९८ मध्ये, आणि १९०० च्या अखेरीस तो वारला. त्याचे हक्क घेणाऱ्या कंपनीने दावा लढवला आणि १९१४ मध्ये ईस्टमन कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले. न्याय मिळाला, पण तो पाहायला गुडविन उरला नव्हता.

एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सनने ईस्टमनची रुंद फिल्म मधोमध चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी केली आणि दोन्ही कडांना भोकं पाडली. सिनेमा याच पट्टीवर उभा राहिला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा, कोरी फिल्म आणि भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, कारण कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची मिळायची. ती भोकं अंधारात पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळक्यांनी केलं. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तो या हातांच्या कष्टावर. मराठी घरात फिल्मचं काम शिकलेली स्त्री म्हणून सरस्वतीबाईंचं नाव फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात घ्यायला हवं.

फोटोचा ३५ मिलिमीटरचा रोल याच सिनेमाच्या पट्टीचं लेकरू. जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि काचांचा जड कॅमेरा उचलवत नसे. सिनेमाची फिल्म वापरणारा हातात मावेल असा कॅमेरा त्याने १९१४ च्या सुमारास बनवला. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकने दोन चौकटी जोडून २४ बाय ३६ ची एक केली. १९२५ मध्ये हा कॅमेरा लायका या नावाने विक्रीला आला आणि १९३४ मध्ये कोडॅकने तयार भरलेली डबी बाजारात आणली. आज हर्णेच्या वाळूत उभं राहून मी कॅमेऱ्यात भरतो ती डबी त्याच मापाची असते. एवढ्या वर्षांत ज्यांचं माप बदललं नाही, अशा यांत्रिक वस्तू जगात फार थोड्या.

कुळातला आणखी एक पूर्वज स्वयंपाकघरातला आहे. एका कारखान्यातलं जिलेटिन फिल्म तेज करतं आणि दुसऱ्यातलं करत नाही, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने शोधून काढलं की चांगल्या जिलेटिनमध्ये गंधकाची संयुगं अत्यल्प प्रमाणात असतात, आणि ती गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतून येतात. मोहरीला झणका देणारा गंधक चांदीच्या कणाला प्रकाशासाठी जागा करतो. नंतर हे गंधक मोजूनमापून घालता येऊ लागलं.

प्रकाश पडला की त्या कणात नेमकं काय होतं? चांदीच्या क्षाराच्या एका स्फटिकात चांदीचे जेमतेम चार-पाच अणू सुटे होऊन एकत्र येतात. डोळ्यांना काही दिसत नाही. फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की ते मूठभर अणू सगळ्या स्फटिकाची चांदी करतात. मूळ खूण सुमारे अब्जपट वाढते. हर्णेच्या किनाऱ्यावर उतरलेलं ऊन त्या पट्टीवर प्रत्यक्ष पडलेलं असतं आणि तिथली चांदी त्यानेच बदललेली असते. निगेटिव्ह ही त्या जागी, त्या क्षणी हजर असलेली वस्तू आहे. कागदपत्रांत अस्सल आणि नक्कल असा भेद आपण करतो. फोटोत अस्सल म्हणजे निगेटिव्ह.

हर्णेचा मासळीचा लिलाव फिल्मवर टिपताना हे फार जवळून कळतं. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि बैलगाड्या गुडघाभर पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात. संध्याकाळी समोरून पश्चिमेचं ऊन येतं, ओली वाळू चमकते आणि माणसं काळी पडतात. फोनवर काढून बघायचं, पुन्हा काढायचं, हे जमतं. फिल्मवर आधी ठरवावं लागतं. मी मीटर माणसाच्या सावलीतल्या बाजूवर धरतो, कारण निगेटिव्हवर सावलीला ऊन कमी पडलं की तिथलं काही परत मिळत नाही. चकाकी थोडी जास्त झाली तरी निगेटिव्ह ती सांभाळून घेते. मग थांबायचं. टोपली खाली टेकते, लिलाव पुकारणारा हात वर करतो, घेणाऱ्या बायकांच्या माना एकदम वळतात, तेव्हा खटका दाबायचा. मग लिव्हर ओढायचा, आणि आकडा एकाने पुढे जातो. एकदा एका मावशींनी विचारलं, “बघू, कसा आला?” म्हटलं, “मावशी, रोल धुतल्यावरच दिसेल.” त्या म्हणाल्या, “मग पुढच्या खेपेला कॉपी घेऊन ये.” फिल्म असा शब्द द्यायला लावते, आणि तो पाळावा लागतो.

धुण्याचं कामही इथल्या हवेत लक्ष मागतं. डेव्हलपरचं ठरलेलं तापमान २० अंश, आणि कोकणात नळाचं पाणी सहज २८ अंशांवर जातं. मासळीसाठी बंदरावर बर्फ असतोच. तोच बादलीत टाकून रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या आणि थर्मामीटर उतरण्याची वाट बघायची. जास्त गरम द्रावणात चित्र भराभर उमटतं, करकरीत आणि दाणेदार होतं. धुतलेली पट्टी दिव्यासमोर धरली की उलट्या रंगांतली बैलगाडी, पांढरे बैल काळे आणि काळं पाणी पांढरं, कुठल्याही यंत्राशिवाय डोळ्यांना दिसते.

मोजके फोटो आधी ठरवून काढण्याची शिस्त एकेकाळी घराघरांत सगळ्यांच्या अंगवळणी होती. वडोदऱ्यात बनणारा अग्फा क्लिक थ्री कॅमेरा १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढायचा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही दुकानात मिळे. कोकणात मुंबईचा चाकरमानी गणपतीला रोल भरून यायचा, आणि उरलेले फोटो शिमग्यासाठी राखून ठेवायचा. एकाच रोलवर आरती आणि पालखी. बारा फोटोंत घरातलं प्रत्येक माणूस यायला हवं, म्हणून कोणाला कुठे उभं करायचं यावर आधी चर्चा व्हायची. ते फोटो आजही चांगले वाटतात याचं कारण त्या चर्चेत आहे.

१९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला आणि २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. तिची कोडाक्रोम ही रंगीत फिल्म त्याआधीच, २००९ मध्ये, बंद झाली होती. फिल्म संपली असं सगळ्यांनी धरलं. पण २०१८ मध्ये कोडॅकची एक्टाक्रोम फिल्म पुन्हा बनू लागली, २०२३ च्या ‘ओपनहायमर’ चित्रपटासाठी कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म खास तयार केली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने अगदी नवा फिल्म कॅमेरा विक्रीला आणला. या सगळ्यामागे गिऱ्हाईक आहे, आणि ते गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणात तरुण आहे. ज्यांचं बालपण रोलचं नव्हतं त्यांना जुन्या आठवणी ओढून आणत नाहीत. त्यांना हवी आहे हातात धरता येणारी वस्तू आणि मोजका आकडा. त्या आकड्यामुळे माणूस खटका दाबण्याआधी समोरचं पूर्ण बघतो. फिल्म टिकली ती यासाठी.

टिकली, पण आपोआप टिकत नाही. सावेदादांनी टिपलेलं आज पाहायला मिळत नाही. नायट्रोसेल्युलोजची ती जुनी फिल्म पेट घेणारी आणि कुजणारी होती. कोडॅकने तिचं उत्पादन १९५१ मध्ये थांबवलं. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं, तोवर मूकपटांचा फार मोठा भाग गेला होता. घरातल्या निगेटिव्ह सांभाळायला मात्र कुठलंही सरकारी कपाट येणार नाही.

म्हणून कोकणातल्या आणि कोकणातून मुंबई-पुण्याला गेलेल्या प्रत्येक घराला विनंती आहे. माळ्यावरची ट्रंक उघडा आणि स्टुडिओच्या पाकिटांतल्या निगेटिव्ह बाहेर काढा. जिलेटिनवर बुरशी पटकन धरते आणि आपली दमट हवा तिला पोसते. पट्ट्या कडांनी धरा, मऊ ब्रशने धूळ झाडा, साध्या कागदी पाकिटांत घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पाकिटावर गाव, साल, माणसांची नावं पेन्सिलीने लिहा. घरातली वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती नावं विचारून घ्या. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून पट्टी टाकून देऊ नका. कॉपी केव्हाही पुन्हा काढता येते. निगेटिव्ह एकदाच होते.