सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जलपर्यटन

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जलपर्यटन हे दक्षिण कोकणातील नद्या, खाड्या, तलाव आणि पुळणी यांवर आधारलेले आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यास सुमारे १२१ किमी लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. सह्याद्री व अरबी समुद्र यांमधील पट्टा अरुंद असल्याने घाटमाथा, तलाव आणि खाडीचे मुख ही तिन्ही स्थळे एकाच दिवसात पाहता येतात.

नद्या व खाड्या

येथील नद्या लांबीने कमी असून पावसाळ्यात त्यांना वेगाने पूर येतो. उत्तरेस वाघोटन विजयदुर्गजवळ समुद्रास मिळते. दक्षिणेस तेरेखोल नदीच्या मुखाशी गोव्याची हद्द लागते. नदीच्या उत्तर तीरावरील तेरेखोल किल्ला मात्र गोव्यात मोडतो.

पर्यटकांची सर्वाधिक वर्दळ कर्ली नदीच्या मुखाशी असते. तेथील देवबाग हे गाव एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस समुद्र अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. नौकाविहार करणारे पर्यटक संगमाजवळील ‘त्सुनामी बेट’ पाहतात. नाव बेटाचे असले तरी तो भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा वाळूचा दांडा आहे. ज्या स्थानामुळे देवबाग प्रसिद्ध झाले, त्याच स्थानामुळे ते असुरक्षितही आहे. पावसाळी उधाणात किनाऱ्याची धूप होऊन माडबागा व घरांना धोका पोहोचतो, म्हणून तेथे दगडी बंधारे घालावे लागले आहेत.

तलाव

मालवण तालुक्यातील धामापूर तलाव १५३० मध्ये बांधला गेला. काठी भगवती देवीचे मंदिर असून तलावाचे पाणी आजही शेतीस उपयोगी पडते. २०२० मध्ये त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. सावंतवाडीतील मोती तलाव शहराच्या मध्यभागी, राजवाड्यासमोर आहे.

किनारे

तारकर्लीची पुळण स्वच्छ पाण्यासाठी ख्यात असून तेथे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण दिले जाते. मालवणसमोरील सिंधुदुर्ग किल्ल्यात चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. किल्ल्याभोवतालच्या प्रवाळयुक्त क्षेत्रासह २९.१२ चौ. किमी परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. रापण ओढण्याची पारंपरिक पद्धत याच किनाऱ्यावर अद्याप पाहावयास मिळते. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता.

हंगाम

ऑक्टोबर ते मे हा किनारी पर्यटनाचा काळ होय. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला असल्याने जलक्रीडा व किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होडी वाहतूक बंद ठेवली जाते. त्या काळात पर्यटकांचा ओघ आंबोली घाटातील धबधब्यांकडे वळतो.