कारंज्यातून ठाण्यात गेल्यावर पगार दुप्पट होतो, मग पैसे उरत का नाहीत?

वर्धा जिल्ह्यातलं कारंजा (घाडगे). नागपूर-अमरावती महामार्गावरचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, सोयाबीन, कापूस. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) गावाशी गल्लत होऊ नये म्हणून नावापुढे 'घाडगे' लावलं जातं.

अशा गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ठाणे-ऐरोलीकडच्या कंपनीतून ऑफर लेटर आलं की घरात पहिला प्रश्न असतो, "पॅकेज किती?" आकडा ऐकून सगळे खूश होतात. वर्षभराने तोच मुलगा सांगतो, "हातात काहीच उरत नाही." घरच्यांना वाटतं पोरगा उधळतोय.

खरंच तो उधळतोय का? की ठाण्यासारखं उपनगर इतकं महाग आहे? आणि महाग म्हणजे नेमकं काय महाग आहे? समजून घेऊया.

सरकारच्या हिशेबात दोन गावांत किती फरक आहे?

राहण्याचा खर्च गावागणिक बदलतो, हे सरकारनेही मान्य केलंय. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारा घरभाडे भत्ता, म्हणजेच एचआरए, याच तत्त्वावर ठरतो. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन गट केलेत. साधारणपणे ५० लाखांहून जास्त लोकसंख्या असेल तर एक्स, ५ ते ५० लाख असेल तर वाय आणि त्याखालचं सगळं झेड.

बृहन्मुंबई नागरी समूह एक्स गटात येतो. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई ही शहरं याच समूहात मोजली जातात. नागपूर आणि अमरावती वाय गटात आहेत. कारंजा (घाडगे) झेड गटात.

सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, हा भत्ता मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाला. १८,००० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला त्यामुळे असा भत्ता मिळतो:

- कारंज्यात १,८०० रुपये
- नागपुरात ३,६०० रुपये
- ठाण्यात ५,४०० रुपये

म्हणजे कारंजा आणि ठाणे यांच्यातला फरक ३,६०० रुपये. ठाण्यात भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही हा आकडा सांगून बघा, तो हसेल.

दुसरी फूटपट्टी म्हाडाची. २०२२ मध्ये उत्पन्न गटांच्या मर्यादा बदलल्या. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणारे 'अत्यल्प' गटात येतात. राज्याच्या छोट्या गावांत ही मर्यादा साडेचार लाख आहे. म्हणजे वर्षाला ५ लाख कमावणारं कुटुंब कारंज्यात 'अल्प' गटात मोडतं आणि तेच कुटुंब, तेवढ्याच कमाईवर, ठाण्यात 'अत्यल्प' गटात जातं. कमाई तीच, पण गाव बदललं की पायरी एक खाली.

ठाण्यात सगळंच महाग असतं का?

नाही. आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

विजेचं बघा. कारंज्यातही महावितरण आणि ठाण्यातही महावितरणचंच क्षेत्र. घरगुती विजेचे युनिटचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते दोन्हीकडे सारखेच.

पेट्रोलवर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत आधी बाकी राज्यापेक्षा जास्त व्हॅट होता. १ जुलै २०२४ पासून तो उर्वरित महाराष्ट्राइतका केला गेला. घरगुती गॅस सिलिंडर तर नागपूरपेक्षा मुंबईत थोडा स्वस्त मिळतो, कारण वाहतुकीचा खर्च कमी पडतो.

मोबाइलचा रिचार्ज, साबण, बिस्किटाचा पुडा, औषधं या सगळ्यांवर छापील किंमत असते. ती ठाण्यात वेगळी आणि कारंज्यात वेगळी नसते. रेशनकार्डही 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे दुसऱ्या जिल्ह्यात चालतं. कारंज्यातल्या पात्र कुटुंबाला ठाण्यातल्या दुकानातून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं.

मग महाग काय आहे?

घर. आणि घरामुळे महाग होणाऱ्या बाकीच्या गोष्टी.

कारंज्यात अनेक कुटुंबं स्वतःच्या, वडिलोपार्जित घरात राहतात. त्यांच्या महिन्याच्या हिशेबात 'भाडं' हा रकानाच नसतो. महागाई मोजण्याच्या सरकारी पद्धतीतही हे दिसतं. २०१२ पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात शहरी भागासाठी घराला २१.६७ टक्के भार होता. ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलंच नव्हतं. उलट अन्न आणि पेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८ टक्के होता, शहरात ३६.२९ टक्के.

म्हणजे गावातल्या माणसासाठी महागाई म्हणजे तूरडाळ, तेल आणि कांदा. शहरातल्या माणसासाठी त्यात घरमालकही येतो.

केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार देशात ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये होता आणि शहरी भागात ६,९९६ रुपये. फरक आहे, पण तो पगाराच्या फरकाएवढा मोठा वाटत नाही. कारण ही देशातल्या सगळ्या शहरांची सरासरी आहे. तिच्यात स्वतःच्या घरात राहणारेही आहेत आणि कारंज्यापेक्षा थोडीच मोठी गावंही आहेत. ठाण्यात नव्याने आलेल्या भाडेकरूचं दुखणं अशा सरासरीत झाकलं जातं.

शिवाय भाडं एकट्या भाडेकरूलाच भरावं लागत नाही. चहावाला, खाणावळ, सलून, क्लासवाले, दवाखाना, सगळेच जागेचे पैसे मोजतात आणि ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतात. त्यामुळे कारखान्यातून पुड्यात येणारी वस्तू दोन्हीकडे सारख्या किमतीची, पण माणसाने त्याच जागी उभं राहून दिलेली सेवा ठाण्यात महाग. कारंज्याच्या बागेतलं संत्रं ठाण्याच्या फळवाल्याकडे महाग मिळतं, त्यातही वाहतूक, अडत आणि नासाडीसोबत त्याच्या गाळ्याचं भाडं असतं.

ठाणं इतकं महाग कसं झालं?

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यालाच आली. अंतर ३४ किलोमीटर. मुंबईत काम आणि ठाण्यात घर ही सोय तेव्हापासूनची.

पुढे एमआयडीसीची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून. कामगार आले, चाळी उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली. नंतर कारखाने एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर आले. पोखरण रोडवरची रेमंडची जागा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

जमीन मात्र वाढू शकत नाही. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मधल्या पट्ट्यात जितके लोक येतील तितका दर वर जातो. मुंबई परवडत नाही म्हणून लोक ठाण्यात आले आणि त्यांच्या येण्याने ठाणंही महागलं.

पहिल्याच दिवशी किती पैसे लागतात?

ऑफर लेटरमध्ये न दिसणारा सगळ्यात मोठा खर्च हा आहे. एक उदाहरण घेऊ. हे बाजारभाव नाहीत, फक्त गणित समजावं म्हणून धरलेले आकडे आहेत.

समजा भाडं महिना २०,००० रुपये, डिपॉझिट १ लाख आणि करार ११ महिन्यांचा.

- पहिल्या महिन्याचं भाडं: २०,०००
- डिपॉझिट: १,००,०००
- एजंटची दलाली, एका महिन्याचं भाडं धरलं तर: २०,०००
- कराराची नोंदणी: साधारण १,६००

एकूण १ लाख ४१ हजार ६०० रुपये. हातात ४०,००० पगार येणाऱ्याचे हे साडेतीन महिन्यांचे पैसे, तेही पहिला पगार होण्याआधी. अनेक घरांत ही रक्कम बापाच्या एफडीतून नाहीतर उसनवारीतून उभी राहते.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागतं. वरच्या उदाहरणात ते ५७३ रुपये होतं. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये. 'अ‍ॅग्रीमेंटचे' म्हणून कुणी यापेक्षा बरेच जास्त मागत असेल तर वरचे पैसे त्याच्या सेवेचे आहेत, सरकारचे नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

डिपॉझिटचं काय? केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलीय. पण तो राज्यांसाठीचा नमुना आहे, तो आपोआप लागू होत नाही. त्यामुळे डिपॉझिट किती, हे घरमालकाशी बोलूनच ठरतं.

लांब राहिलं तर परवडतं का?

भाडं कमी होतं, हे खरं. म्हणूनच लोक डोंबिवली, कल्याण, बदलापूरपर्यंत जातात. पण बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. कारंजा ते नागपूर साधारण ७५ ते ८० किलोमीटर. कारंज्यात राहून रोज नागपूरला अप-डाऊन करणाऱ्याला लोक म्हणतात, "कसं काय करतोस रे?" बदलापूरहून तोच प्रवास गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने रोज होतो आणि त्याला नेहमीचंच आयुष्य मानलं जातं.

लोकलचा पास स्वस्त आहे, त्यामुळे पैशांत हा खर्च छोटा दिसतो. खरी किंमत वेळेची आहे. जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले तर महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ७५ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवसांहून जास्त.

टॅक्समध्ये ठाणे 'मुंबई' धरलं जातं का?

इथे गंमत आहे. सरकारी कर्मचाऱ्याला भत्ता देताना ठाणे मुंबईच्या गटात. पण जुन्या करप्रणालीत एचआरएवर सूट घेताना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबईसाठी आहे, ठाण्यासाठी ती ४० टक्केच. मुलुंडला राहणारा आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात राहणारा, दोघांचं भाडं सारखं असलं तरी ही मर्यादा वेगळी. नवीन करप्रणाली निवडली तर ही सूटच मिळत नाही.

मग ऑफर घ्यायची की नाही?

पगाराची तुलना पगाराशी न करता, उरणाऱ्या पैशांची तुलना उरणाऱ्या पैशांशी करायची. पुन्हा एक कल्पित हिशेब.

- कारंज्यात स्वतःच्या घरात राहणारं कुटुंब: पगार २०,०००, खर्च १२,०००, शिल्लक ८,०००.
- तेच कुटुंब ठाण्यात: पगार ४०,०००, भाडं २०,०००, घरखर्च १४,०००, प्रवास २,०००, शिल्लक ४,०००.
- एकटा मुलगा ठाण्यात, तिघांत फ्लॅट: पगार ४०,०००, भाड्याचा वाटा ७,०००, जेवण आणि इतर १०,०००, प्रवास २,०००, शिल्लक २१,०००.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत पगार एकच आहे. पण एकट्यासाठी ही ऑफर फायद्याची आहे आणि कुटुंबासाठी शिल्लक निम्म्यावर आणणारी. म्हणूनच अनेकांचं गणित पहिली दोन-तीन वर्षं नीट चालतं, घरी पैसेही जातात आणि लग्न होऊन वेगळं घर घेतलं की अचानक बिघडतं. तेव्हा गावाकडच्यांना वाटतं, लग्नानंतर पोरगा बदलला. बहुतेक वेळा बदललेलं असतं ते घरभाडं. आधी तिघांत वाटलं जाणारं भाडं आता त्याच्या एकट्याच्या पगारातून जातं.

अर्थात फक्त शिल्लक बघून निर्णय होत नाही. ठाण्यात पुढची नोकरी मिळण्याची संधी जास्त असते, जोडीदारालाही काम मिळू शकतं, पगारवाढ लवकर होऊ शकते. दोघं कमावते असले तर वरचा हिशेब पूर्ण पालटतो. नागपूरसारखा मधला पर्यायही असतो. तिथे पगार ठाण्यापेक्षा कमी मिळाला तरी भाडं आणि प्रवास कमी असल्याने शिल्लक जास्त असू शकते.

त्यामुळे ऑफर आली की एचआरला विचारायच्या गोष्टी चार आहेत. हातात नेमके किती येणार? ऑफिस कोणत्या स्टेशनजवळ आहे? रुजू होताना राहण्याची सोय किंवा आगाऊ रक्कम मिळेल का? आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येईल? आणि घरच्यांनी "पॅकेज किती?" विचारलं की त्याच दमात भाड्याचा आकडाही सांगून टाकायचा, म्हणजे महिनाअखेरीला उधळेपणाचा आरोप तरी होणार नाही.